सहावी चकती

धम्मदीपने काचेची गोल बशी उजेडात धरली आणि खिडकीच्या गजांआडून उषाबाईला म्हणाला, "दुरूनच पाहा मावशी. हात नका लावू."

उषाबाईने पदराने चष्मा पुसला. तीन दिवसांपासून ती भंडाऱ्याच्या या दवाखान्यात होती. सून मेघा सातव्या महिन्याची गरोदर. लघवीत जंतू, अंगात ताप, आणि दोन औषधं देऊनही उतार नाही. ताप असाच राहिला तर दिवस भरायच्या आत कळा सुरू होतील, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आता सगळी भिस्त या बशीवर होती. तपासणीचं काम बघणारा धम्मदीप करडीचाच, उषाबाईच्या गावचा, म्हणून त्याने तिला एवढं तरी दाखवलं.

बशीत धानाच्या पऱ्ह्यासारखा दाट, एकसारखा थर उगवला होता. त्यात कागदाच्या सहा पांढऱ्या चकत्या.

"हे सारे मेघावहिनीचे जंतू. एकेका चकतीत एकेक औषध हाये. लागू पडलं, का चकतीच्या भवताल साफ होते."

पाच चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू भिडले होते, शेताच्या धुऱ्याला लागून धान उभं राहावं तसे.

"यायले काहीच नाही होत?"

"औषध तोडाची जुगत हाये यायच्या अंगात. जनुक म्हणते त्याले. अन् एक जंतू दुसऱ्याले ते देऊन टाकते. तो आपल्या जातीचा हाये का नाही, तेबी नाही पाहत." धम्मदीप हसला. "आपल्या गावापेक्षा बरे."

उषाबाईलाही हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं.

"कोणं शिकवलं यायले?"

"आपणच. अर्धवट गोळ्या खाल्ल्या का कच्चे मरते, पक्के उरते. मंग त्यायचंच राज."

पदराचं टोक तिच्या मुठीत गोळा झालं. वर्षभरात मेघाला लघवीला जळजळ झाली की उषाबाई स्वतःच्या जुन्या औषधातल्या दोन गोळ्या तिला गुपचूप द्यायची. नवऱ्याला सांगायची पोरीला लाज. बरं वाटलं की दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. आधी काही घेतलं होतं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मेघा सासूकडे न बघता "नाही" म्हणाली होती.

"एका थेंबात किती असतीन रे?"

"लाखावर."

"बाप्पा!"

तिचे हात नकळत जुळले.

"पाया पडून राहिल्या का जंतूच्या?"

"नाही रे. पण केवढुसा जीव, अन् काय काय येते त्याले!" मग तिचं बोट गजांपाशी थांबलं. "अन् हे?"

सहाव्या चकतीभोवती जागा स्वच्छ होती, चंद्राभोवती खळं पडावं तशी गोल.

"हेच एक लागू पडते. सुई हाये. पोटुशीले चालते."

ती बराच वेळ त्या रिकाम्या गोलाकडे बघत राहिली.

"उद्या हेबी तोडाले शिकले तं?"

धम्मदीपने बशी खाली ठेवली आणि तपासणीच्या कागदावर सही केली.

खाटेपाशी उषाबाईचा मुलगा हेमराज मेघाच्या कपाळावर ओला फडका धरून बसला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, नर्सला सुई आणायला सांगितली.

"बाई," उषाबाई म्हणाली, "आधी गोळ्या देल्या होत्या. म्या देल्या."

हेमराजचा हात थांबला. मेघाने डोळे मिटून घेतले.

"किती?"

"दोन-दोन. चार-पाच खेपा."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेन उघडलं. "आणखी कोणाला दिल्या?"

गावच्या तलावाच्या पाळीवरून उषाबाई मनाने चालू लागली आणि एकेक दार सांगू लागली.

"पाळीवरच्या दुर्गाबाईले. तिच्या सुनेले. केशवरावच्या पोरीले. तिनं मंग आपल्या नणदेले नेल्या..."

औषध मेघाच्या हाताला लावलेल्या सलाइनच्या नळीतून सावकाश उतरू लागलं. डॉक्टरीणबाईंनी नावांनी भरलेला कागद उलटला. उषाबाई अजून गावातल्या देवळापर्यंतही पोचली नव्हती.