शिरपाचं जोडकार्ड

मास्तरांनी शब्दकोशातून कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं, पेनाचं टोपण उघडलं आणि पुन्हा लावलं. आठ वर्षांत हे त्यांनी कितीदा केलं, त्याला गणती नव्हती. जोडकार्ड होतं ते. एका अर्ध्यावर मजकूर आणि दुसरा अर्धा उत्तरासाठी कोरा. कोऱ्या अर्ध्यावर पाठवणारीनं स्वतःचा पत्ता आधीच घालून ठेवला होता: कु. मनाली कांबळे, इयत्ता पाचवी, मु. पो. गगनबावडा. चार ओळी लिहून पेटीत टाकायचं, एवढंच काम. तेवढंही त्यांच्याकडून झालं नव्हतं.

गुरुपाद मास्तर खरं तर वाचनालयात ग्रंथपाल होते, पण पेठेत सगळे मास्तरच म्हणत. १९९८ साली रविवारी सकाळी टीव्हीवर 'तेजोबाहू' ही मालिका लागायची. तिचं शूटिंग कोल्हापुरातच व्हायचं आणि संवाद मास्तर लिहायचे. लिहिलेली पानं हातात देताना, 'बरं नसेल तर फाडून टाका,' असं म्हणायची त्यांना सवय होती. कुणी फाडली नाहीत, याचंच त्यांना नवल वाटायचं.

तेजोबाहू उडायचा, भिंती फोडायचा. पाण्यात मात्र त्याचं बळ जायचं. त्याच्या खोलीत राहणारा शिरपा खोटारडा, खादाड, मित्राच्या नावावर जळणारा आणि भित्रा. एका भागात तेजोबाहू पडक्या गिरणीच्या हौदात अडकला. त्यानं दाराआडच्या शिरपाला दोनदा हाक मारली. शिरपा कडीवर हात ठेवून उभा राहिला, पण कडी काढली नाही. पुढच्या रविवारी तेजोबाहू सुटला. शिरपाला मात्र कुणी सोडलं नाही. पोतंभर पत्रं आली, सगळी शिव्यांची. शिरपाच्या बाजूचं असं हे एकच कार्ड होतं.

*लेखककाकांना नमस्कार. मला शिरपा आवडतो. तो भाकरी चोरतो आणि खोटं बोलतो तरी आवडतो. तेजोबाहूला काही होतच नाही, मग तो कशाला भिईल? शिरपाला सगळं होतं. वर्गातली पोरं मला शिरपी म्हणतात. आमच्याकडं म्हणतात, दिवे लागल्यावर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं. घरातले म्हणतात दोनच हाका होत्या, म्हणजे शिरपाचं चुकलं नाही. पण मी तीन ऐकल्या. तिसरी बारीक आवाजात होती आणि तिच्यात शिरपाचं नाव नव्हतं. शेवटी अण्णा असं काहीतरी होतं. तुम्ही लिहिलंय म्हणून तुम्हाला विचारते. दोन का तीन? तीन असल्या तरी मला तो आवडेल.*

बाहेर छत्री झटकल्याचा आवाज आला. मास्तरांनी कार्ड घाईनं वहीखाली सरकवलं.

"मास्तर, हाईसा न्हवं?" सयाजी दारातूनच ओरडला. शिरपाचं काम त्यानं केलं होतं. आता केस पिकले होते आणि बिंदू चौकाजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. काखेत सीडी प्लेअर होता. "चाळीस भागांतला एक घावला बगा. आपला हौदाचाच. म्हटलं, तुमच्यासंगट बगावा."

"कशाला उगीच," मास्तर म्हणाले. "लिखाण कच्चं होतं ते."

"कच्चं? त्या कच्च्या लिखाणानं माझं वाटोळं केलं की. गंगावेशीत दूध प्यायला गेलतो, तर गवळी म्हणतोय, पावणं, दोस्ताला बुडवणाऱ्याला आमच्या म्हशी दूध देत न्हाईत." मास्तरांच्या टीव्हीला तारा जोडता जोडता तो हसला. "बायकूनं सुदिक चार दिवस कडी काढली न्हाय."

दिवेलागण झाली होती. सयाजीनं दिवा लावू दिला नाही, चित्र नीट दिसत नाही म्हणाला. पडद्यावर हौद आला. काळं पाणी, वर आलेला हात, दाराआड तरुण सयाजी.

"शिरपा!"

मास्तरांनी खुर्चीचा हात धरला.

"शिरपा!"

मग पाण्याचा आवाज. आणि त्या पाण्यातून, अगदी जवळून, बारीक आवाजात:

"गुरण्णा!"

पडद्यावरचा शिरपा कडीवरचा हात काढून मागं सरकला.

"ऐकलंस?" मास्तरांनी विचारलं.

"काय?"

"हाका किती झाल्या?"

"दोन की. तुम्हीच लिवल्याता." सयाजीनं त्यांच्याकडं पाहिलं. "मास्तर, पाणी देऊ का?"

"मागं घे."

त्यानं तीनदा मागं घेतलं. तिन्ही वेळा सयाजीनं बोटांवर दोन मोजल्या. तिन्ही वेळा मास्तरांना तिसरी ऐकू आली. शेवटी सयाजीनं प्लेअर बंद केला.

"एक सांगू का? शूटिंगच्या टायमाला डायरेक्टर म्हणालता, दुसऱ्या हाकंनंतर मागं सरक. मी जरा उशिरानंच सरकलो. का, ते मला बी ठावं न्हाय. कायतरी व्हायचं ऱ्हायलंय, असं वाटत हुतं."

तो गेला. प्लेअर तिथंच राहिला. मास्तर अंधारात बसून राहिले.

गारगोटीच्या त्यांच्या लहानपणीच्या घरामागं ओढा होता. त्या संध्याकाळी वडील, आप्पा, आणि आई, अव्वा, बाजारातून परतले नव्हते. बारा वर्षांच्या गुरुपादनं परसदाराची कडी लावली होती. सात वर्षांचा धाकटा भाऊ संगमेश वासरू शोधायला गेला होता. तो त्याला गुरण्णा म्हणायचा. दिवे लागले आणि ओढ्याकडून हाक आली. गुरण्णा. मग दुसरी. अव्वानं शिकवलं होतं तसा तो दाराशी थांबला. कडी गार होती, हे त्यांना अजून आठवत होतं. सकाळी संगमेश खालच्या बांधाला सापडला. वासरू आपलं आपण घरी आलं होतं.

"हाक ऐकलीस काय रे?" सगळ्यांनी विचारलं.

"दोनच," तो म्हणाला होता.

दोन हाकांना ओ द्यायची नसते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. अव्वानं त्याला जवळ घेतलं. "तुझं काय चुकलं नाही रे, मगा," कानडीत लेकराला म्हणतात तसं म्हणाली. मरेपर्यंत ती हेच म्हणत राहिली. पुढं आयुष्यात ज्यानं कुणी त्यांना शाबासकी दिली, त्या प्रत्येकाशी आपण तेच 'दोनच' बोलतोय, असं मास्तरांना वाटत आलं होतं. मालिकेतही दोनच लिहिल्या.

त्यांनी दिवा लावला. जोडकार्डाची घडी उलटसुलट मुडपली आणि कोरा अर्धा हळूच वेगळा केला. मनाली कांबळे आता अठरा-एकोणीस वर्षांची असेल. कदाचित गावातही नसेल. तिला हे कार्ड, हा शिरपा, काही आठवतही नसेल. आपण लिहिलेलं कुणाला कशाला हवंय, हा जुना विचार ठरल्याप्रमाणे आला. या वेळी त्यांनी टोपण परत लावलं नाही.

*चि. मनालीस आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. तू बरोबर ऐकलंस. हाका तीन होत्या. तिसरी शिरपानंही ऐकली होती. तो सगळ्यांना दोन सांगत आला. दोन का तीन, हे तुझ्याशिवाय त्याला कुणी विचारलं नाही. — गुरुपाद*

छापील तिकिटाशेजारी त्यांनी नवं तिकीट चिकटवलं आणि छत्री न घेताच निघाले. पाऊस भुरभुरत होता. कोपऱ्यावरच्या पेटीपाशी कुणी नव्हतं. कार्ड फटीत अर्धं गेलं आणि त्यांची बोटं तिथंच थांबली.

"गुरण्णा!"

मागून, अगदी जवळून. या गावात त्यांना त्या नावानं हाक मारणारं कुणीच नव्हतं.

मास्तरांनी बोटं सोडली. कार्ड आत पडलं. दुसऱ्या हाकेची वाट न बघता ते म्हणाले,

"ओ."