बाईच्या हातची गाडी

मुलगी बघायला आलेले लोकही इतकी तपासणी करत नाहीत, जितकी रणजीतने माझ्या गाडीची केली. चिखलीत त्याचं छोटं वर्कशॉप, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा तोरा. रंगावरून बोटं फिरवली, पायाखालची मॅट उचलून वास घेतला, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पुराच्या चिखलाचा डाग शोधला. मोबाइलवर नंबर टाकून दंड, विमा, कर्ज, सगळं काढलं. सर्व्हिसिंगवाल्यांना फोन करून अपघाताचंही विचारलं. मला राग आला नाही. जुनी गाडी अशीच घ्यावी माणसाने.

"दुसऱ्या कोणाच्या हातात नाही ना गेली?" त्याने विचारलं.

"पहिल्यापासून मीच चालवते. ह्यांना क्लच कधी जमलाच नाही. शेजारी बसून ब्रेक, ब्रेक ओरडायचे तेवढं."

"आणि आता साहेब?"

"गेल्या वर्षी वारले, दवाखान्यात. गाडीत काही झालेलं नाही, तेही सांगून टाकते."

त्याने चेहरा पाडून च् च् केलं आणि लगेच माझ्यासमोरच बायकोला फोन लावला. "तनुजा, बाईच्या हातची गाडी आहे! क्लच अजून कोरा. अशी शोधून सापडत नाही."

मलाही विकायची घाई होती. चिंचवडमध्ये माझी खानावळ आहे. महाळुंग्याच्या एका कंपनीने दुपारच्या डब्यांची ऑर्डर दिली, पण ते सगळे डबे काही एका गाडीत मावत नाहीत. ही विकून छोटा टेम्पो घ्यायचा ठरवलं, शोरूमवाल्याने तो माझ्यासाठी थांबवून ठेवला. रविवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर दुसऱ्याला देणार होता. हे सगळं मी रणजीतलाही सांगून बसले होते, भोळेपणाने.

रविवारी सकाळी तो आणि तनुजा हार, नारळ घेऊन सोसायटीत आले. पैसे पाठवायचे आणि सह्या करायच्या एवढंच उरलं होतं. तनुजाने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारही चाकांपुढे लिंबं ठेवली. शेजारच्या सुमनताई कौतुकाने खाली आल्या होत्या. मी चावी पुढे केली, तर रणजीत मागे सरकला.

"ताई, गैरसमज नका करून घेऊ. चावी तेवढी ह्या काकूंच्या हातून द्या ना. सवाष्णीच्या हातून घेतलेली बरी. तुम्ही जरा जिन्यात थांबलात तरी चालेल."

याच हाताचं कौतुक हा फोनवर ओरडून सांगत होता. तनुजा ताटातल्या कुंकवाकडे बघत राहिली. सुमनताईंनी दोन्ही हात मागे घेतले. "मी नाही हो घेणार ती चावी," त्या म्हणाल्या.

"भाऊ, स्टिअरिंगवर इतकी वर्षं माझाच हात होता. त्याचं काय करणार?" मी विचारलं.

"त्याची नका काळजी करू, घरी नेल्यावर गोमूत्र शिंपडणारच आहे," तो म्हणाला. अगदी सहज, सीटकव्हर बदलणार आहे असं सांगावं तसं.

इतकी किळस मला कुजलेल्या भाजीचीसुद्धा कधी आली नव्हती. मेल्याने गाडीची सगळी कुंडली काढली आणि डाग कुठे सापडला, तर माझ्या कपाळावर!

"गाडी विकायची नाही," मी म्हटलं.

"अहो ताई, मग तुमच्या टेम्पोचं काय?" तो हसला. मी अडलेली आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तो हसत होता.

"टेम्पो जाऊ दे. दोन खेपा मारीन."

मी आत बसले, काच वर केली, गाडी सुरू केली.

"अहो, थांबा! लिंबं आमची आहेत!" तो बाहेरून ओरडत होता.

मी गिअर टाकला. चारही लिंबं माझ्या चाकांखाली फुटली.