पुढं झुकलेली अक्षरं

मुरुडच्या बाजारात भिंतीवर सिनेमाची जाहिरात लागली की सगुणा मासळीची पाटी माझ्या हवाली करून पळायची. वाचायला तिला एक अक्षर येत नव्हतं. भिंतीशी जाऊन ती शाईवर बोट दाबायची, पापलेट ताजं आहे का बघावं तसं. बोटाला काळं लागलं की स्वारी खूश.

"केसर, ताजं हाय गो! माझा दादला बरा हाय."

तिचा नवरा हिरामण मचव्यांवर नावं रंगवायचा. त्याची अक्षरं जाडजूड, टोकांना कसला नखरा नाही, आणि सगळी पुढं झुकलेली, शिडात वारा भरल्यासारखी. स्वतःच्या मचव्यावर त्यानं 'सगुणा' असंच लिहिलं होतं. मुंबई बंदरात एका छापखानेवाल्यानं ते नाव पाहिलं आणि जाहिरातींसाठी तसलीच मोठी अक्षरं लाकडात कोरायला त्याला ठेवून घेतलं. नारळी पुनवेला येतो, असा त्याचा एक निरोप आला. नंतर काहीच नाही. बोलपट सुरू झाले, जाहिराती वाढल्या, आणि प्रत्येकीवर तीच झुकलेली अक्षरं.

मला हिरामणचा संताप यायचा. भिंतीभिंतीवर दिसतो आणि घरी यायला याला होत नाही! दर श्रावणात मचवा रंगायचा, पण सगुणा दिराला नावाला हात लावू द्यायची नाही. "ज्यानं लिवलंय तोच रंगवल," म्हणायची. नाव पुसट होत चाललं होतं.

एका वैशाखात जाहिराती डकवायला रामचंद्र म्हणून छापखान्यातलाच माणूस आला. सगुणानं त्याला गाठलंच.

"हिरामण कवा येनार? ही त्याचीच अक्षरं न्हाय का?"

"त्याचीच," तो म्हणाला. "पण बाई, छापलंय परवा. लाकडी ठसे त्यानं कधीच कोरून ठेवलेत. एकदा कोरले की वर्षानुवर्षं चालतात." मग तो खाली बघत बोलला. हिरामण पहिल्याच पावसाळ्यात तापानं गेला होता. त्याचं गाव कुठलं, हे छापखान्यात कुणी विचारलंच नव्हतं.

सगुणा कितीतरी वेळ बोटावरची शाई बघत राहिली.

"ताजं व्हतं गो," ती मला म्हणाली. "दर टायमाला ताजं व्हतं."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला भीती वाटली.

श्रावणात धर्मा, तिचा दीर, मचवा रंगवत होता. सगुणा आली. हातात बांगड्या नव्हत्या.

"भावजी, कुंचला द्या."

"वयनी, मी लिवतो नाव."

"नवं न्हाय लिवायचं. त्याचंच हाय अजून."

उन्हात तिरकं बघितलं की हिरामणच्या रेघा दिसत होत्या. तिनं त्यांच्या आतच रंग भरला, एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही. अक्षरं पुन्हा जाड झाली, पुन्हा पुढं झुकली.

काम संपल्यावर तिनं सवयीनं नावावर बोट दाबलं. बोटाला ओला रंग लागला. तेव्हा कुठं ती वाळूत बसली आणि हिरामणच्या नावानं मोठ्यानं रडली.