शरणम्मा सोडून बाकीची अकरा

बुद्धप्रियानं खालच्या बाणाचं बटण दाबलं आणि कान टवकारले. काहीच नाही. पुन्हा दाबलं. डोळसाला कॉम्प्युटर अडलेला दिसतो. हिला मात्र आवाज गेलाय की पानावरच काही नाही, हे आधी ठरवावं लागे. तिनं मोबाइलवर वेळ ऐकली. अकरा मिनिटं. रोजच्यासारखीच.

"सापडलं का?" महामायाबाईंनी, तिच्या आईनं, डाळ निवडता निवडता विचारलं.

"न्हाई. आता सहा बंद करून बघते."

नांदेडच्या एका कंपनीत ती पाणीपुरवठ्याच्या लेखी तक्रारी हेडफोनवर ऐकून त्या त्या विभागाकडे धाडायची. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम होता आणि त्याला वेळोवेळी जोडलेली बारा अ‍ॅड-ऑन, म्हणजे छोटे जोड-प्रोग्राम. महिन्यापासून हा आवाज मध्येच गप्प व्हायचा. सगळं बंद करून परत सुरू करण्यात तीन मिनिटं जायची. उद्या, सोमवारी, तिची परीक्षा होती. तासाभरात चाळीस तक्रारी झाल्या तर करार पुढे, नाही तर घरी. साहेब काही वाईट माणूस नव्हता. सगळ्यांचं चालतं मग हिचंच का अडतं, एवढंच त्याला कोडं होतं, आणि कोडी सोडवायचा पगार त्याला मिळत नव्हता.

दोष शोधायची रीत तिला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या लातूरच्या श्रीशैल सरांची. ते स्वतः जन्मांध. वर्गात सांगायचे, "एकेक तपासत बसलीस तर म्हातारी होशील. निम्मी बंद कर. तरी बिघडलं तर चोर चालू असलेल्या निम्म्यात. मग त्यातली निम्मी." आणि वर हसून, "फक्त शरणम्माला हात लावायचा न्हाई."

शरणम्मा म्हणजे सरांची आई. तिनं पोराला बी.ए.पर्यंतची सगळी पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवली होती. सरांनी स्वतः एक अ‍ॅड-ऑन बनवलं तेव्हा त्याला तिचंच नाव दिलं. तक्रारी यायच्या जुन्या सरकारी फाँटात. ते मराठी वाचायला दुसऱ्या कुणालाच जमत नसे, शरणम्माला जमे. बुद्धप्रियाला नोकरी लागली ती तिच्या जिवावर. त्यामुळे सरांचा विनोद तिनं कधी विनोद म्हणून घेतलाच नाही.

शरणम्मा सोडून उरली अकरा. त्यातली सहा बंद केली, आवाज अकराव्या मिनिटाला गेला. उरलेल्या पाचांतली तीन बंद केली, तरी गेला. मग दोनांतलं एक. मग शेवटचंही. पुन्हा अकरा मिनिटं.

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"अकराच्या अकरा बंद हायत, आई."

"मग ते बारावं बंद करून बघ की."

"ते सरांचं हाय."

"सरांचं बिघडत न्हाई होय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण हा कळसा काढून बघायची तिला छातीच होत नव्हती. तिनं बोटं ओढणीला पुसली आणि शरणम्माला बंद केलं.

आवाज सुरू झाला. "एस, के, स्वल्पविराम, झेड, कंस सुरू." अकरा मिनिटं झाली. वीस झाली. आईची डाळ निवडून संपली, अर्धा तास झाला, तरी आवाज थांबला नाही. पण शरणम्मावाचून त्या जुन्या फाँटातलं एक अक्षर कळण्यासारखं नव्हतं.

तिनं लातूरला फोन लावला. सरांच्या बायकोनं, शिवकांताबाईंनी, उचलला.

"सर हायत का, वहिनी? शरणम्मात जरा दुरुस्ती करून पाहिजे होती..."



"तुला कुणी सांगितलं न्हाई का गं? त्यांचा दुसरा कानही गेला. दिवाळीपासून कॉम्प्युटर उघडला न्हाई. कानाला तोंड लावून वरडलं तर चार शब्द कळतात. मशीनचं तर कायबी न्हाई."

"दुसऱ्या कुणाला येतं का ते?"

"सगळं त्यांच्या डोक्यात हाय, बाई."

मागून सरांचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा, गरजेपेक्षा मोठा.

"कोण हाय? बुद्धप्रिया हाय का? इचार तिला, शरणम्मा कशी चालून राहिली."

शिवकांताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काय सांगू?"

बुद्धप्रियानं फोन तोंडाजवळ धरला.

"सांगा, लई चांगली चालून राहिली. उद्या तिच्याच जोरावर परीक्षा हाय म्हणावं."

शिवकांताबाईंनी एकेक शब्द ओरडून सांगितला. सर हसले.

"बाकीची अकरा बंद केली तरी चालेल म्हणावं. ती एकटी पुरेशी हाय."

"हाव सर," ती म्हणाली. ते त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

फोन ठेवून तिनं शरणम्माला पुन्हा सुरू केलं. मनात हिशेब मांडला. दर खेपेला तीन मिनिटं गेली तर तासात बत्तीस, फार तर तेहतीस. चाळीस होत नव्हत्या. तिनं पुन्हा मांडला, तरी होत नव्हत्या. मग तिनं मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावला आणि सरावाची पहिली तक्रार उघडली.

"आठ दिवस झाले, नळाला पाणी नाही," शरणम्मा वाचू लागली, एकेक जोडाक्षर स्वच्छ.

गजर वाजला तेव्हा सहावी तक्रार संपून सातवी निम्म्यावर आली होती. तिनं वाक्य पूर्ण होऊ दिलं. मग, तीन मिनिटं तशीही जाणारच होती, तर शरणम्माचा आवाज मध्येच तुटायच्या आत स्वतःच्या हातानं प्रोग्राम बंद केला.