नीतूचा कान झाकणारी टोपी

मी एक जुनी लोकरीची कानटोपी आहे आणि मित्रांनो, मी केलेल्या कामाची मला लाज वाटते.

भिलाईच्या रुआबांधा वस्तीत राहणाऱ्या ललिताबाईंनी पावर हाउस भागातल्या बाजारातून गुलाबी लोकर आणून मला विणले. त्यांच्या लेकीचा, नीतूचा, उजवा कान जन्मतःच मुडपलेला होता आणि कानासमोर सुईच्या टोकाएवढे छिद्र होते. बाळाला पाहताच सासूबाई सिंधुताई म्हणाल्या, "गरहनात भाजी चिरली असन इनं. झाक तो कान, लोक पुसतात." पोटुशी असताना ग्रहणाच्या दिवशी आपण काय केले, ते ललिताबाईंना खरेच आठवत नव्हते.

उन्हाळ्यात अंगाची लाही होई, तरी मी नीतूच्या डोक्यावरच. ती वाढली तशी मलाही उसवून मोठे विणले. "किती गोड टोपी" असे कोणी म्हणाले की मी फुलून जायची. मूर्ख कुठली! लस टोचतानाही मला कोणी काढले नाही. शाळेत नीतू हाकेला ओ देत नसे, तर बाईंना वाटे, टोपीमुळे ऐकू येत नसेल.

नीतू सात वर्षांची झाली तेव्हा तिचे पाय आणि चेहरा सुजला. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला काढून बाजूला ठेवले. कान पाहताच त्यांनी विचारले, हिची किडनी कधी तपासली का? मग त्यांनी आईवडिलांचेही कान पाहिले. वडिलांच्या, देवीदासच्या, कानासमोर तसेच छिद्र निघाले.

"ते तं भाग्याचं भोक हाये," सिंधुताई म्हणाल्या. "माह्या पोराले जन्मापासून हाये."

डॉक्टरीणबाईंनी समजावले की याचा ग्रहणाशी संबंध नाही. काही घराण्यांत हा दोष पिढ्यान्पिढ्या उतरतो. कुणाचा फक्त कान वेगळा असतो, कुणाचे ऐकणे आणि किडनीही बिघडते, म्हणून वेळीच तपासायचे. नीतूच्या किडन्या जन्मापासूनच लहान होत्या आणि आता निकामी झाल्या होत्या. आधी कळले असते, तर औषधांनी बरीच वर्षे सांभाळता आल्या असत्या.

सिंधुताई रडू लागल्या. "मले माफ कर वो, ललिता."

"माफीचं काय करू, आई?" ललिताबाई म्हणाल्या. "माही पोरगी वाचली पायजे."

आता नीतू आठवड्यातून दोनदा उघड्या डोक्याने डायलिसिसला जाते. तिला किडनी मिळेल की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, बाळात काही वेगळे दिसले तर आईला बोल लावू नका आणि ते झाकूही नका. डॉक्टरांना दाखवा. मी सात वर्षे जे झाकले, ते त्यांना एका नजरेत दिसले होते.