तेनमोळीची आई

नागपट्टिणमच्या लग्नाच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी अनाथाश्रमाच्या मदतीसाठी भरतनाट्यम ठेवलं होतं. नाचणारी तेनमोळी त्याच आश्रमात वाढलेली. त्सुनामीत समुद्र गावात शिरला तेव्हा ती चार वर्षांची होती. आईचा फोटो उरला नव्हता आणि चेहरा आठवत नव्हता. आई बाळाला हाक मारते असं एक पद तिने हट्टाने कार्यक्रमात घ्यायला लावलं होतं.

"आई होऊन नाचले तर ती दिसेल मला, टीचर. एकदा तरी."

कोकिलवाणीला ते पटलं नव्हतं. पण बारा वर्षं शिकवलेल्या मुलीला नाही म्हणणं तिला जमलं नाही.

रंगपटात गायक सेतुरामन कुरकुरत होते. "एकाच ओळीवर किती वेळ टांगून ठेवणार आहेस गं मला?"

"बाळाला मांडीवर घेईपर्यंत, मामा. मग पुढची ओळ."

"आणि बाळ द्वाड निघालं तर? घरी सांगून ठेवतो, जेवायला थांबू नका म्हणून."

तेनमोळी खुदकन हसली. कोकिलवाणी टाळ घेऊन रंगमंचावर जाऊन बसली.

पुढच्या दोन रांगांत आश्रमाची मुलं होती. सेतुरामननी ओळ उचलली, 'ये ना बाळा, जवळ ये.' शिकवल्याप्रमाणे तेनमोळीने हात पसरले, लोण्याचा गोळा दाखवला, लटका राग धरला. सेतुरामन तीच ओळ फिरून फिरून गात होते; चौथ्या फेरीला तिने बाळाच्या कानामागची वाळू पदराने झटकली.

कोकिलवाणीने हे शिकवलं नव्हतं.

मग तेनमोळीने बाळाचा हात धरला. बोट नाही, मनगट. किनाऱ्यावरच्या कोळणी मुलांना तसंच धरतात. ती दोन पावलं चालली आणि तिचा हात ओढला गेला. मूठ उघडली. रिकाम्या तळहाताकडे बघत ती उभी राहिली, पुन्हा खाली वाकली, पुन्हा मनगट शोधलं.

"अक्का, धर तिला!" पहिल्या रांगेतून एक लहान मुलगी ओरडली. कुणी हसलं नाही.

ओळ अकराव्यांदा आली. सेतुरामननी कोकिलवाणीकडे पाहिलं. तिने टाळाचे तीन ठोके दिले असते तर पद तिथेच मिटलं असतं. तिने हात उचललाही. मग तिला वाटलं, आणखी एक फेरी, कदाचित दिसेल पोरीला. तिने ठोका दिला नाही.

तेनमोळी आता खाली बसली. ती बाळ झाली होती. एक हात वर, कुणीतरी धरलेला. तिने हळूहळू मान वर करून बघितलं. तिची नजर हवेत काहीतरी शोधत राहिली, सावकाश डावीकडे वळली आणि कोकिलवाणीच्या चेहऱ्यावर येऊन थांबली.

मग तेनमोळी पुन्हा आई झाली आणि तिने बाळाला मांडीवर घेतलं. ओळ पुढे सरकली. पद संपलं.

पडद्याआड कोकिलवाणीने तिचा खांदा धरला. "दिसली?"

"हात तिचाच होता, टीचर. अंगठा असा रुतायचा, इथे." तेनमोळी मनगट चोळत होती. "वर बघितलं तर तिच्या जागी तुम्ही होतात. तुमची ती उचललेली भुवई. मी दुसऱ्यांदा बघितलं. तरी तुम्हीच."

बारा वर्षं कोकिलवाणी एकच वाक्य म्हणत आली होती, जमिनीकडे काय बघतेस, माझ्या तोंडाकडे बघ. आईचा राग, आईचं हसू, डोळे पुसणं, सगळं तिनेच त्या पोरीच्या चेहऱ्यावर बसवलं होतं. त्या सगळ्याखाली तिचं आधीचं काही होतं का, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"चला, तिल्लाना राहिलाय," सेतुरामननी हाक दिली. "आणि बाळबिळ नको आता!"

शेवटचं नृत्य जलद होतं. टाळ धरणारीने नाचणारीवर नजर ठेवायची असते. कोकिलवाणीने मान खाली घातली आणि पावलांच्या आवाजावर टाळ वाजवत राहिली. पावलं दोनदा अगदी तिच्यासमोर येऊन थबकली. तिने वर पाहिलं नाही.