म्हाताऱ्या वेलींची वाइन

आमच्या गावचा वारा असा आहे, की एकदा पाद्रीबाबांची टोपी उडाली ती थेट स्पेनमधल्या एका बिशपच्या डोक्यावर जाऊन बसली. त्याला बरोबर बसली म्हणून त्याने परत दिली नाही.

अशा वाऱ्यात, दर जानेवारीत, माझा पुतण्या सिल्वँ माझ्याकडे येतो. वर्षातून तेवढाच. खालच्या मळ्यातली ग्रनाश आणि सिरा ही द्राक्षं त्याची, टेकाडावरची कारिन्यां द्राक्षाची जुनी वेल माझी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फेर्नांने लावलेली. तिघींची वाइन किती किती मिसळायची, ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाखून ठरतं. फेर्नां गेल्यापासून या टेबलावर दुसरा ग्लास लागतो तो त्याच दिवशी.

यंदा सिल्वँ बसायच्या आधीच म्हणाला, "काकी, तुझ्या वेली आता थकल्या गं. उपटू या का?"

"थकल्या? अरे, मागच्या वर्षी एका रानडुकराने त्यांची द्राक्षं खाल्ली आणि रविवारी उलटं चालत चर्चला गेलं. पुढच्या बाकावर बसलं होतं."

"काकी."

"तुझ्या आईच्या शेजारी. विचार तिला."

तो हसला नाही. म्हणाला, "दोन ग्लास भरतो. एकात तुझी कारिन्यां मिसळलेली आहे, एकात नाही. तू डोळे मीट. तुझी जीभ म्हणेल तसं. तुझी पसंत पडली तर वेलींना हात लावणार नाही."

म्हणजे वेली राहिल्या तर हा पुढच्या जानेवारीत येणार. नाही तर कशाला येईल? त्याची वाइन त्याच्या घरी मिसळेल.

मी डोळे मिटले. पहिला ग्लास नाकाशी नेला आणि ओळखला. ऊन लागलेला दगड, वाळकी पानं, आणि तळाशी तो खरखरीतपणा, फेर्नांच्या दाढीसारखा. पण मधे काही नव्हतं. पोकळ. दुसरा घेतला. गोल, भरलेला, घशाखाली उतरला तरी तोंडात रेंगाळणारा.

"चाखून थुंक ना, बादली ठेवलीय," सिल्वँ म्हणाला.

"थुंकतात ते पॅरिसचे. बोलू नकोस, चाखू दे."

पहिलाच म्हणायचं, एवढंच होतं. जन्मभर थापा मारल्या, आणखी एक काय जड होती? पण वाइनबद्दल फेर्नांला मी कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्याची वेल असली म्हणून आज कसं सांगू?

"दुसरा," म्हटलं.

सिल्वँने ग्लास उचलून खालची खडूची खूण बघितली. मग माझा हात धरला, आजारी माणसाचा धरतात तसा.

"त्यात तुझी नाही गं काकी. ओळखता नाही आली ना?"

"नाही रे. वय झालं. आता नाक नुसतं चष्मा ठेवायला."

त्याला बरं वाटलेलं दिसलं. बाटल्या खोक्यात भरायला घेतल्या त्याने. कोट घालताना म्हणाला, "मार्चमध्ये ट्रॅक्टर लावतो."

"खोडं मला दे. चुलीला चांगली जळतात."

"सगळी तुझीच. एका खेपेत आणून टाकतो."

"एका खेपेत नको. मला कुठे जागा? थोडी थोडी आण. एखाद्या रविवारी चार, पुढच्या रविवारी चार."

"छे, त्यात कुठे वेळ घालवू? छप्पराखाली नीट रचून देतो, काकी. तुला दोन हिवाळे सरपण बघायला नको."